परड्यूचा सीझन : हट्टाने नेलं की हट्टाने घालवलं?

इंडियानाकर | ९ एप्रिल २०२४, सकाळी ८:१२

सर्वांना पाडव्याच्या शुभेच्छा! काल दुपारी इंडियानापोलिसवर खग्रास सूर्यग्रहण, रात्री कॉलेज बास्केटबॉलची फायनल (त्यात इंडियानातलं आमचं परड्यू विद्यापीठ) आणि आज सकाळी गुढी. यातलं मधलं सोडून सगळं व्यवस्थित पार पडलं.

यूकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ) ७५, परड्यू ६०.

हरल्याबद्दल रडायला धागा काढलेला नाही. मार्च २०२३ मध्ये पहिलं सीड असलेल्या याच परड्यूला सोळाव्या सीडच्या फेअरली डिकिन्सनने पहिल्याच मॅचमध्ये ६३-५८ ने घरी पाठवलं होतं. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची ही फक्त दुसरी वेळ. त्याच्या आदल्या वर्षी सेंट पीटर्स, त्याच्याही आधी नॉर्थ टेक्सास. तीन वर्षं ओळीने किरकोळ समजल्या गेलेल्या टीमांनी आम्हाला बाहेर काढलं. एवढं झाल्यावर कुठलाही कोच पाटी पुसून नवीन मांडेल. मॅट पेंटरने नाही पुसली. तोच सात फूट चार इंची झॅक एडी बास्केटखाली, तेच ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर बाहेर. बॉल आत टाका, आतून बाहेर आला तर थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटांचा शॉट) मारा. आणि त्याच जोरावर यंदा ३४ विजय, ५ पराभव, बिग टेनचं विजेतेपद, १९८० नंतरची पहिली फायनल फोर, १९६९ नंतरची पहिली फायनल!

माझं म्हणणं असं : ज्या हट्टाने फायनलपर्यंत नेलं त्याच हट्टाने फायनल घालवली. एडीचे ३७ पॉइंट, बाकी सगळ्यांचे मिळून २३. थ्री-पॉइंटर सातपैकी एक. दुसरा काही बेतच नव्हता. तुम्हाला काय वाटतं?

रात्रपाळी | ८:२०

अमावास्या, त्यात ग्रहण, आणि तुम्ही फायनल खेळायला गेलात. दे दान सुटे गिरान.

मीठभाकर | ८:४१

पुण्यातून प्रतिसाद. मला बास्केटबॉल म्हटलं की जॉर्डन आठवतो आणि गाडी तिथेच थांबते. हे सीड, बिग टेन, फायनल फोर म्हणजे काय ते कोणी सांगेल का? कॉलेजच्या पोरांच्या मॅचसाठी माणसं एवढी हळवी का होतात हेही.

सातपुते_मास्तर | ९:०५

मीठभाकर, थोडक्यात सांगतो.

नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येक कॉलेज तीसेक मॅच खेळतं, त्यातल्या बऱ्याचशा आपापल्या गटात. बिग टेन हा असाच एक गट. त्यात टीम मात्र २०२३-२४ च्या हंगामात १४, आणि २०२४-२५ पासून १८. हिशोब विचारू नका. मार्चमध्ये ६८ टीम निवडतात, चार विभागांत वाटतात आणि प्रत्येक विभागात १ ते १६ अशी क्रमवारी लावतात, ते सीड. मग बाद पद्धत. एक मॅच हरलात की सीझन संपला. चार विभागांचे विजेते म्हणजे फायनल फोर.

मॅच ४० मिनिटांची, २०-२० चे दोन भाग. एनबीए या व्यावसायिक लीगसारख्या सातांतल्या चार मॅच वगैरे चैन नाही. म्हणूनच चांगली टीम वाईट दिवशी पडते आणि म्हणूनच अख्खी ऑफिसं कामधंदा सोडून निकालांच्या अंदाजाचे तक्ते भरत बसतात.

हळवं होण्याबद्दल : वेस्ट लाफायेट हे परड्यू विद्यापीठाचं गाव आहे. तिथे एनबीएची टीम नाही, समुद्र नाही, डोंगर नाही. हिवाळ्यात मॅकी अरेना आहे, परड्यूचं बास्केटबॉलचं स्टेडियम.

बोरकूट | ९:११

आणि मक्याची शेतं. ती विसरू नका.

नीरजा_के | ९:५८

मी परड्यूची, आणि इंडियानाकरांशी अर्धीच सहमत. माझे दोन मुद्दे.

गेल्या वर्षीची फेअरली डिकिन्सनची मॅच आठवा. ती सबंध स्पर्धेतली सगळ्यात बुटकी टीम होती. त्यांनी काय केलं? एडीच्या पुढे एक, मागे एक, जमेल तेव्हा तिसरा. बाहेरच्यांना म्हणाले, मारा बाबांनो थ्री. आपण २६ मारले, गेले ५. काल यूकॉनने बरोब्बर उलटं केलं. डोनोव्हन क्लिंगनला एकट्याला एडीवर सोडलं, त्याला घाल काय घालायचे ते असं म्हटलं, आणि बाकीचे चौघे आमच्या शूटरना चिकटून बसले. सीझनभर ज्या टीमचे शंभरातले चाळीस थ्री जात होते तिला अख्ख्या मॅचमध्ये सातच मारायला मिळाले.

म्हणजे एकाच बेतावर दोन विरुद्ध उत्तरं, आणि दोन्ही चालली. पण पहिलं उत्तर चाललं कारण आमचे नेम चुकले. दुसरं चाललं कारण यूकॉनकडे क्लिंगन होता. सात फूट दोन इंच उंचीचा, एडीला एकट्याने निदान दमवू शकेल असा माणूस किती कॉलेजांकडे असतो? त्यामुळे 'हट्टाने घालवली' यापेक्षा 'या हट्टाला पुरून उरणारी एकच टीम देशात होती आणि ती फायनलला भेटली' हे मला जास्त पटतं.

लांबकान्या | १०:१४

नीरजाताईंना +१. यूकॉनचे या स्पर्धेतले सहा विजय बघा. सगळ्यात निसटता म्हणावा असा १४ पॉइंटांनी. इलिनॉयविरुद्ध त्यांनी ओळीने ३० पॉइंट केले, समोरून शून्य. आणि इलिनॉय म्हणजे बिग टेनमध्ये आमच्या खालोखाल आलेली टीम! डॅन हर्लीची ही टीम सलग दुसऱ्यांदा जिंकली. याआधी असं फ्लोरिडाने केलं होतं, २००६ आणि २००७ ला. अशांसमोर प्लॅन बी, सी, डी काहीही काढला असता तरी फार तर १५ चे ९ झाले असते.

इंडियानाकर | १०:३०

नीरजा, मुद्दा मान्य, पण मग कोचचं काम काय? पहिल्या वीस मिनिटांनंतर ३६-३० होतं. सहाच पॉइंट! यूकॉन काय करतंय ते तोपर्यंत मलासुद्धा सोफ्यावर बसून कळलं होतं. तरी दुसऱ्या भागात पुन्हा तेच. एडीने पंचवीस शॉट मारले. थकला बिचारा. त्याच्यामागे ट्रे कॉफमन-रेन आहे, मेसन गिलिस आहे, पोरांना पळवा जरा, स्मिथला स्क्रीनवरून (दुसऱ्याने बचाव करणाऱ्याच्या वाटेत भिंतीसारखं उभं राहून) सुटं करा.

नीरजा_के | १०:३७

पळवा म्हणे. यूकॉनला तर पळापळच हवी होती.

जोशीबुवा_शिकागो | ११:२०

एवढ्या तरुण मंडळींत म्हातारा घुसतो आहे, चालवून घ्या. मी १९७९ च्या ऑगस्टमध्ये परड्यूला एम. एस. करायला आलो. पहिल्याच वर्षी टीम फायनल फोरला. जो बॅरी कॅरोल, सात फूट एक इंच, पुढे एनबीएने त्या वर्षी सगळ्यात पहिला उचललेला खेळाडू. फायनल फोरही घराजवळ, इंडियानापोलिसला. यूसीएलएकडून उपांत्य फेरीत हरलो. मला तेव्हा वाटलं, ही टीम दर दोन-तीन वर्षांनी इथवर येत असणार.

त्यानंतर ४४ वर्षं.

जीन कीडी आले, २५ वर्षं राहिले, बिग टेन सहा वेळा जिंकले, आज मॅकीतल्या कोर्टाला त्यांचं नाव आहे. फायनल फोर नाही. १९९४ ला ग्लेन रॉबिन्सन होता, देशातला सर्वोत्तम खेळाडू, तरी ड्यूकसमोर अडकलो. २०१० ला रॉबी हमेलचा गुडघा गेला. २०१९ ला व्हर्जिनियाविरुद्ध कार्सन एडवर्ड्सने ४२ मारले, शेवटच्या क्षणी ममादी डियाकिटेचा शॉट गेला, मॅच ओव्हरटाइमला गेली आणि आम्ही हरलो. व्हर्जिनिया पुढे अजिंक्य झाली. तीच व्हर्जिनिया, जी २०१८ ला सोळाव्या सीडकडून हरणारी पहिली टीम होती! म्हणजे नामुष्कीनंतर पुढच्याच वर्षी अजिंक्यपद कसं मिळवायचं त्याचा धडा आमच्याच अंगावर गिरवला गेला.

यंदा डेट्रॉइटला विभागाच्या फायनलमध्ये टेनेसीविरुद्ध एडीने ४० पॉइंट, १६ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) घेतले तेव्हा मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही रडताय. म्हटलं, कांदा चिरतोय. कालच्या पराभवाचं मला फार काही वाटत नाही. तुम्हाला वाटतंय, ते तुमच्या वयाला शोभतंच.

बोरकूट | ११:२६

काका _/\_

टिप्पणीस | ११:४४

सगळे गहिवरलेत म्हणून थोडं मीठ टाकतो. एडी हा बास्केटबॉल आहे का? पाठ लावून ढकलत ढकलत आत जायचं, हात वर करायचा, बॉल घालायचा. कोणी अडवलं की फाउल. त्याने धक्का मारला की तो 'पोस्ट प्ले'. रेफ्री परड्यूचे जावई आहेत. (दिवे घ्या.)

लांबकान्या | ११:५१

घेतले. पण टिप्पणीस, तुम्ही बिग टेनमधल्याच आयोवाचे ना?

टिप्पणीस | ११:५३

त्याचा काय संबंध?

सातपुते_मास्तर | १२:१०

या वादाची दुसरी बाजू : एवढ्या उंच माणसाला दोघे-तिघे धरून लोंबकळतात तेव्हा प्रत्येक वेळी फाउल दिला तर मॅच रात्रभर चालेल. म्हणजे त्याच्यावरचे कितीतरी फाउल दिलेच जात नाहीत. आणि एक विसरू नका, हा मुलगा लहानपणी टोरांटोत आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा. बास्केटबॉल हातात घेतला तोच हायस्कूलच्या मधल्या वर्षांत. परड्यूत आला तेव्हा त्याच्या नावावर फारसं कोणी पैज लावत नव्हतं, पहिलं वर्ष बेंचवरून उठून खेळला. आता सलग दोनदा देशातला सर्वोत्तम खेळाडू. असं याआधी करणारा राल्फ सॅम्पसन, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. नुसत्या उंचीने हे झालं असतं तर दर वर्षी कोणीतरी केलं असतं.

रात्रपाळी | १२:३२

अवांतर : एडी एफ-१ वर आहे हे इथे किती जणांना माहीत आहे?

मीठभाकर | १२:३५

म्हणजे आपल्या पोरांसारखा स्टुडंट व्हिसा??

रात्रपाळी | १२:५०

तोच. सेम टु सेम. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवायची मुभा मिळाली. जाहिराती, टी-शर्ट, सह्या. त्याच्या शेजारी उभा असलेला अमेरिकन गार्ड (बाहेरून बॉल खेळवणारा खेळाडू) गाडीच्या शोरूमची जाहिरात करू शकतो. देशातला सर्वोत्तम खेळाडू नाही करू शकत, कारण एफ-१ वर कॅम्पसबाहेर काम म्हणजे स्टेटसचा बाजा. मार्ग एकच, अमेरिकेच्या बाहेर जाऊन काम करायचं. केंटकीचा ऑस्कर शिब्वे काँगोचा. त्याची टीम बहामाला खेळायला गेली तेव्हा त्याने तिथे ही कामं उरकली.

मी आठवड्याला वीस तास लायब्ररीत पुस्तकं रचायचो. पहिल्यांदाच वाटलं की सात फूट चार इंचाच्या माणसाचं आणि माझं दुःख एक आहे.

नीरजा_के | १:०२

माझ्या रूममेटने इंटरनॅशनल ऑफिसच्या रांगेत कोणाला पाहिलं होतं त्याची गोष्ट आता लिहीत नाही, कोणी विश्वास ठेवणार नाही.

बोरकूट | १:०५

लिहाच!

अश्विनी_त | १:२०

माझा भाचा तिथे पहिल्या वर्षाला आहे. डिसेंबरमध्ये टोरांटोला अलाबामाविरुद्धची मॅच मुद्दाम एडीच्या घरच्या लोकांसमोर ठेवली होती ना? त्याने ३५ मारले. तिथे तरी जाहिरात करता आली असेल बिचाऱ्याला. कॅनडात व्हिसा कशाला लागतोय.

रात्रपाळी | १:२४

बघा, ताईंनी प्लॅन बी दिला. पेंटरला कळवा.

टिप्पणीस | १:४०

टोरांटोवरून आठवलं. सिम भुल्लर, सात फूट पाच इंच, टोरांटोचाच, आई-वडील पंजाबातले. न्यू मेक्सिको स्टेटकडून कॉलेज खेळला, २०१५ मध्ये सॅक्रामेंटोकडून एनबीएत उतरला, भारतीय वंशाचा पहिलाच. त्याच वर्षी पंजाबच्याच सतनाम सिंगला डॅलसने ड्राफ्टमध्ये (एनबीएच्या टीमा आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) घेतलं. आपल्याकडे महाराष्ट्रात उंच पोरगा दिसला की पहिलं काय म्हणतात? फास्ट बोलर हो.

उंबरकर | १:५५

सगळीकडे नाही. मुंबईत नागपाड्याला या. गल्लीत क्रिकेट कमी, बास्केटबॉल जास्त. तिथली पोरं रेल्वेपासून भारताच्या टीमपर्यंत गेली. पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन होती. फक्त चौदा हजार माणसं तिकीट काढून कॉलेजची मॅच बघायला येत नाहीत, एवढाच फरक. मी इंटर-कॉलेज खेळलो तेव्हा प्रेक्षकांत दोन मित्र, एक वॉचमन आणि एक कुत्रा. कुत्रा आमच्या बाजूने होता.

मीठभाकर | २:०३

हाहाहा. धागा वसूल.

इंडियानाकर | २:३०

मंडळी, मूळ प्रश्नाकडे या हो. पाडव्याचं श्रीखंड खाऊन सगळे सैल झालेत.

डबलटीम | ३:१५

उशिरा आलो, सगळे प्रतिसाद वाचले. इंडियानाकर, 'काहीही बदललं नाही' या तुमच्या गृहीतकालाच माझा विरोध आहे.

गेल्या वर्षी स्मिथ आणि लॉयर दोघेही पहिल्या वर्षाचे. फेअरली डिकिन्सनने अख्खी मॅच त्यांच्या अंगावर धावून जाऊन काढली, बॉल पुढे न्यायलाच दमछाक. पेंटरने उन्हाळ्यात साउथर्न इलिनॉयहून लान्स जोन्सला आणलं. एकच माणूस, पण दबावाखाली बॉल पुढे नेणारा, समोरच्याच्या सर्वोत्तम गार्डच्या मागे लागणारा आणि वेळेला थ्री मारणारा. भिंत तीच ठेवली, ओल जिथून येत होती तिथलं प्लास्टर बदललं. दुसरे कोच दर उन्हाळ्यात अर्धी टीम घालवून बाहेरून नवी आणतात. याने तसं केलं नाही म्हणून ते डोळ्यांत भरत नाही.

आणि याचा पुरावा नोव्हेंबरमध्येच होता. हवाईतली माउईची स्पर्धा लाहैनाच्या वणव्यामुळे होनोलुलूला हलवली होती. तीन दिवसांत गोंझागा, टेनेसी, मार्केट (Marquette), तिघांना हरवलं. मार्चमध्ये डेट्रॉइटला पुन्हा आधी गोंझागा आणि मग टेनेसी, त्याच क्रमाने. टेनेसीकडे चार महिने होते अभ्यासाला. डाल्टन नेक्टने ३७ पॉइंट घातले, तरी शेवटी एडीने त्याचाच शॉट अडवला. डिसेंबरात पहिल्या नंबरवरच्या अॅरिझोनाला इंडियानापोलिसमध्ये ९२-८४. त्या दिवशी स्मिथ आणि लॉयर दोघांनी मिळून घातलेल्या बास्केट आठवा. प्लॅन बी होता. काल यूकॉनने तो बाहेर येऊ दिला नाही.

इंडियानाकर | ३:४८

डबलटीम, लान्स जोन्सचा मुद्दा बिनतोड. पण बाकीचे चार पराभव बघा. नॉर्थवेस्टर्नला ओव्हरटाइममध्ये, नेब्रास्काला १६ ने, ओहायो स्टेटला तर ज्यांचा कोच चारच दिवस आधी काढला होता अशा टीमकडून, आणि साखळीनंतरच्या बिग टेनच्या बाद स्पर्धेत उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनला एका पॉइंटने. यातल्या किती मॅचमध्ये बाहेरचे नेम चुकल्यावर दुसरा मार्ग सापडला?

लांबकान्या | ३:५५

३९ मॅचपैकी पाच हरले आणि त्या पाचांवर धागा. आपल्यात शंभरातले ९६ पडल्यावर चार कुठे गेले विचारणारे बाप असतात तसे तुम्ही.

इंडियानाकर | ३:५८

माझे वडील गणिताचे शिक्षक होते. तुम्हाला कसं कळलं?

बोरकूट | ४:०२

=)) =))

जोशीबुवा_शिकागो | ४:३०

एका गोष्टीकडे कोणी लक्ष वेधलं नाही. ६ तारखेच्या उपांत्य मॅचमध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेटला ६३-५० ने हरवलं ती परड्यूची नेहमीची मॅच नव्हतीच. एडीचे २०, समोर डी. जे. बर्न्ससारखा पोट सांभाळत नाचणारा, सगळ्या देशाचा लाडका झालेला सेंटर. त्याला आठ पॉइंटांवर ठेवलं. ही टीम शूटिंग बिघडलेल्या रात्री बचावावर जिंकू शकते हे त्या दिवशी दिसलं. हरण्याचं कारण हट्टात शोधायला लागलो तर ही मॅच कुठे ठेवायची?

टिप्पणीस | ४:४१

काका, ती मॅच बघवत नव्हती एवढं मात्र खरं.

अश्विनी_त | ५:१०

भाच्याचा आत्ता फोन आला. म्हणतो, वेस्ट लाफायेट खग्रासच्या पट्ट्याच्या जराशी बाहेर होतं, तिथे ९९ टक्के ग्रहण दिसलं. पोरं म्हणतायत की आमचं सगळंच ९९ टक्के.

रात्रपाळी | ५:१३

भाच्याला सदस्यत्व घ्यायला सांगा.

डबलटीम | २७ जून २०२४, सकाळी ९:४०

धागा वर काढतोय. काल रात्री ड्राफ्टमध्ये एडीला मेम्फिसने नवव्या नंबरवर घेतलं. 'एनबीएत याचं काही खरं नाही, पहिल्या फेरीत तरी जातो का बघा' असं म्हणणारे कुठे आहेत? टिप्पणीस?

टिप्पणीस | १०:०२

हजर. पिकअँडरोलवर (स्क्रीन लावून लगेच आत धावायचा डाव) बाहेर खेचला की काय होतं ते बघू. पण नववा मी धरला नव्हता.

उंबरकर | १०:१५

क्लिंगन सातवा गेला, पोर्टलंडला. दोन जागा पुढे. म्हणजे फायनलचा निकाल कायम.

रात्रपाळी | १०:१९

व्हिसा बदलला असेल ना आता? सगळ्यात आधी गाडीच्या शोरूमची जाहिरात करायला हवी त्याने.

इंडियानाकर | ११:०५

अभिनंदन एडीचं. माझा प्रश्न अजून तसाच आहे, उलट आता जास्त टोकदार झाला. एडी गेला, जोन्सची कॉलेजकडून खेळायची मुदत संपली, गिलिस ड्यूकला गेला. पेंटरला आता तोच बेत चालवायला सात फूट चार इंच कुठून मिळणार?

नीरजा_के | ११:३०

स्मिथ, लॉयर, कॉफमन-रेन तिघेही राहिलेत. दुसऱ्या कॉलेजात गेला नाही एकही. कॉफमन-रेनला बॉल आत द्यायचा, आणि स्मिथने मागून खेळवायचं. बेत तोच, फक्त सहा-सात इंच कमी.

इंडियानाकर | ११:३३

म्हणजे पुन्हा हट्टच.

नीरजा_के | ११:३४

नोव्हेंबरात नवीन धागा काढा. तिकिटं मात्र आत्ताच बघून ठेवा, मॅकीची नंतर मिळत नाहीत.